सारा, गुत्ता आणि गावठी

आषाढात हैदराबादच्या दिलसुखनगरमधल्या गल्ल्यांतून बोनालू या देवीच्या सणाच्या मिरवणुका निघतात. बायकांच्या डोक्यावर हळदकुंकू लावलेलं भांडं, वर दिवा, कडेनं कडुनिंबाचे डहाळे. भांड्यातल्या भाताला 'बोनम' म्हणतात. हे आपलं संस्कृत 'भोजनम्'च, तेलुगू तोंडात घोळून घोळून मधला 'ज' गळालेलं. देवीसमोर पोचलं की अर्घ्य सोडतात. साधारणपणे हळद, गूळ, कडुनिंब घातलेलं पाणी असतं आणि जिथे रीत आहे तिथे कल्लू, म्हणजे ताडी. या अर्घ्याला इथे 'साक' म्हणतात. कल्लूचं असेल तर 'कल्लुसाक'.

जपानी माणूस देवळात जो तांदळाचा मद्यनैवेद्य ठेवतो तो साके. शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला इथून पुढे आवरणं अवघड. त्यात जपानी समासात 'साके'चं 'साका' होतं: दारूचं दुकान ते 'साकाया', दारूची वखार ती 'साकागुरा', प्यायचा चपटा पेला तो 'साकाझुकी'. मग काय, बौद्ध भिक्षू, आंध्राचा किनारा, जहाजं, असा एक रस्ता डोळ्यांपुढे उभाच राहतो. जगातलं सगळं भारतातून गेलं असं सांगणाऱ्या पु. ना. ओकांच्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढीला तर तो अगदी सरळ दिसतो. पण या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गंमत म्हणजे साम्य जिथे सर्वांत गोड वाटतं तिथेच, देवापुढेच, ते फसतं. जपानीत देवाला वाहिलेल्या मद्याचं जुनं नाव साके नव्हे, 'मिकी'. त्यातला 'मि' आदराचा आणि 'कि' म्हणजे मद्य. आजही त्याला आणखी एक आदरार्थी 'ओ' लावून 'ओमिकी' म्हणतात.

खुद्द जपानात 'साके' मागितलं तर बिअरही येऊ शकते, कारण तिथे साके म्हणजे कुठलंही मद्य. आपण ज्याला साके म्हणतो ते त्यांच्यासाठी 'निहोनशु', जपानचं मद्य. कायद्याच्या कागदावर 'सेइशु', म्हणजे निवळ मद्य. आपल्या 'दारू'चं तेच झालं. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे, आणि 'दारूगोळ्या'त तिसराच अर्थ जाऊन बसला आहे. औषध, मद्य आणि स्फोटक या तिन्हींना एकच शब्द पुरवणाऱ्या भाषेला काटकसरी म्हणावं की अनुभवी, हे वाचकांनी ठरवावं.

तांदळाचं मद्य ही काही जपानची एकट्याची मिरास नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे. त्यात 'मेदक' नावाच्या मद्याची कृती दिली आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे आंबवण. जपानी लोक तांदळावर 'कोजी' नावाची बुरशी चढवतात. ती पिष्टाची साखर करत जाते आणि त्याच भांड्यात यीस्ट त्या साखरेचं मद्य करत जातं. किण्व म्हणजे काही कोजी नव्हे, पण काम तेच: भाताला फूस लावायची. संस्कृतातली 'सुरा' हीदेखील मुळात धान्याची. हा शब्द गोव्यात 'सूर' होऊन उरला आहे, मात्र तिथे तो धान्य सोडून माडावर चढला. गोंयकार सूर म्हणतो ती माडाची ताडी. सान्नां, म्हणजे तिथल्या इडल्या, फुगवायला तीच घालतात. शब्द तोच राहिला, आतला माल बदलला.

पण मला खरं कुतूहल आहे ते नावांचं. जपानी बाटलीवर जी नावं दिसतात ती कुठून आली आणि आपल्या बाटलीवरची, मडक्यावरची, दुकानावरची नावं कुठून आली?

कोबेजवळ नादा नावाचा मुलूख आहे. तिथल्या यामामुरा घराण्यातल्या ताझाएमोन यांना १८४० मध्ये असं आढळलं की त्यांच्या दोन भट्ट्यांपैकी निशिनोमियाच्या भट्टीतलं मद्य नेहमी सरस उतरतं. तांदूळ तोच, माणसं तीच; फरक विहिरीच्या पाण्याचा. ते पाणी 'मियामिझु' म्हणून प्रसिद्ध झालं, आणि नादाची दारू 'पुरुषी', क्योतोजवळच्या फुशिमीची मऊ पाण्याची दारू 'बायकी', अशी म्हणच पडली. याच यामामुरांच्या मद्याच्या नावाची कथा सांगितली जाते. ते क्योतोच्या एका मठात गेले असता तिथे एका ग्रंथावर 'रिंझाई सेइशु' अशी अक्षरं दिसली. रिंझाई हा झेनचा पंथ. त्यातल्या 'सेइशु'चा अर्थ सच्ची परंपरा. उच्चार मात्र निवळ मद्याच्या 'सेइशु'सारखाच. झालं, श्लेष जमला आणि नाव ठरलं. पण त्या चित्राक्षरांचा आणखी एक उच्चार आहे, 'मासामुने', आणि लोकांनी तोच उचलला, कारण त्या नावाचा एक तलवारी घडवणारा कारागीर दंतकथेत आधीच अमर होता. पुढे जो तो आपल्या मद्याला मासामुने म्हणू लागला. १८८४ मध्ये व्यापारचिन्हांची नोंद सुरू झाली तेव्हा सरकारनं सांगितलं की हा तर सामान्य शब्द झाला, तो कुणाला एकट्याला देता येणार नाही. मूळ मालकालाच पुढे 'साकुरा' जोडून 'साकुरा मासामुने' व्हावं लागलं. शेजारी 'किकु मासामुने' झालं. एक चेरीचा मासामुने, एक शेवंतीचा.

यामागुची प्रांतात 'दास्साई' नावाचं मद्य निघतं. भट्टीच्या गावाचं नाव ओसोगोए. त्यातलं पहिलं अक्षर पाणमांजराचं. 'दास्साई' म्हणजे पाणमांजराचा उत्सव. पाणमांजर पकडलेले मासे काठावर असे मांडतं की जणू नैवेद्यच दाखवतं, ही चिनी कल्पना. आजूबाजूला पुस्तकं पसरून बसणाऱ्या पंडितालाही तेच विशेषण लावतात. हायकूकार मासाओका शिकी यांनी ते स्वतःला घेतलं होतं. एका आडगावच्या नावातून पाणमांजर निघालं आणि बाटलीवर बसून जगभर फिरून आलं.

आता इथलं पाहा. दिलसुखनगरहून विजयवाड्याच्या रस्त्याला लागलं, हयातनगर मागे टाकून चौटुप्पलकडे निघालं की शेतांच्या बांधांवर ताड दिसू लागतात. उन्हाळ्यात याच रस्त्यानं 'ताटि मुंजलु' शहरात येतात, आपले ताडगोळे. तेलुगूत झाडाच्या मद्याला 'कल्लु'. ताडाची ती 'ताटि कल्लु', आणि आपण जिला शिंदी म्हणतो त्या रानखजुरीची ती 'ईत कल्लु'. हैदराबादी उर्दूत सगळ्यालाच 'सेंदी' म्हणायची चाल; ती शिंदीचीच बहीण. मराठीचा जुना बाणा असा की झाडाचं नाव तेच पेयाला द्यायचं: ताडाची ताडी, माडाची माडी, शिंदीची शिंदी. ही यादी स्वच्छ आहे. झाड कोणतं ते कळतं आणि पुढे काही विचारायचं कारण उरत नाही. 'ताडी' इंग्रजांनी नेली आणि 'टॉडी' केली. पुढे थंड देशात व्हिस्की, गरम पाणी आणि साखर यांच्या मिश्रणालाही तेच नाव मिळालं. ताड तिथे औषधालाही उगवत नाही.

तेलंगणात ताडी काढणाऱ्याला 'गीत कार्मिकुडु' म्हणतात, त्यांच्या संघटनेच्या नावातही 'कल्लु गीत' हे शब्द आहेत. मराठी माणसाला हा काय काव्यमय मामला आहे असं वाटतं. पण तेलुगूत 'गीत' म्हणजे रेघ, चीर. 'गीयु' म्हणजे कापणं. पोयीला रोज पातळ काप द्यायचा, म्हणजे रस ठिबकतो. चढण्याचा दोर 'मोकु', मडकं 'लोट्टि', आणि प्यायला ताडपत्राचा दुमडलेला द्रोण, 'रेक'. जाणकार माणूस नुसती कल्लू मागत नाही. नर ताडाची 'पोद्दाडु' वेगळी, फळ धरलेल्या ताडाची 'पंडुदाडु' वेगळी, आणि कुठल्या गौडाच्या, म्हणजे ताडी काढणाऱ्याच्या, कुठल्या झाडाची तेही तो विचारतो. म्हणजे प्रांतोप्रांतीचा, ऋतूऋतूचा भेद आपल्याकडे नव्हता असं नाही. मग नाव का झालं नाही?

एक कारण अगदी रसायनाचं आहे. ताडाचा रस मडक्यात पडता पडताच आंबू लागतो. पहाटे गोड, दुपारी चढेल, दुसऱ्या दिवशी आंबट. तो गावाबाहेर जाऊच शकत नाही. जपान्यांनी साके बेताच्या आचेवर तापवून टिकवण्याची युक्ती पाश्चरच्या तीनेकशे वर्षं आधी साधली होती; मग नादाची पिंपं जहाजानं एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जात. वरच्या प्रांतातून खाली एदोत उतरलेली ती 'कुदारी' दारू. जपानीत 'कुदारानाई' म्हणजे फालतू, आणि जी खाली उतरून येण्याच्या लायकीची नाही ती फालतू, अशी व्युत्पत्ती तिथले लोक हौसेनं सांगतात. अभ्यासक तीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत, पण लोकव्युत्पत्ती खोटी असली तरी लोकांचं मन खरं सांगते. जो माल प्रवास करतो त्याला नाव लागतं. जो झाडाखालीच पिऊन संपतो त्याला गौडाची ओळख पुरते.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं, आणि ते शब्दांतच दडलेलं आहे. आपल्याकडे मद्याच्या आसपासचे शब्द उकलत गेलं की तळाशी चव सापडत नाही, वसुली सापडते.

'गुत्ता' घ्या. पुण्या-मुंबईत गुत्ता म्हणजे दारूचा अड्डा, आणि शब्द उच्चारतानाच नाक मुरडायचं असतं. हैदराबादेत आलं की पंचाईत होते. तेलुगूत 'गुत्त' म्हणजे ठेका, इजारा. 'गुत्तेदारु' म्हणजे रस्ते-पूल बांधणारा कंत्राटदार. 'गुत्ताधिपत्यम्' हा मक्तेदारीला अर्थशास्त्राच्या पुस्तकातला शब्द. कन्नडात 'गुत्तिगे' म्हणजे कंत्राट. मराठवाड्यात, जो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता, 'गुत्तेदार' आजही सरकारी कामं घेणारा प्रतिष्ठित माणूस असतो. लातूर-नांदेडकडच्या बातमीत 'गुत्तेदारानं निकृष्ट रस्ता केला' असं वाचून पुणेकराला रस्ता दारुड्यानं केला असं वाटलं तर दोष शब्दाचा नाही. गुत्ता होता तो दारू विकण्याचा. सरकारनं विक्रीचा हक्क लिलावात ठेकेदाराला द्यायचा, त्यानं दुकान मांडायचं. मूळ ठेका विस्मरणात गेला आणि दुकानाच्या भिंतीच गुत्ता झाल्या. गुत्ता हे आडनावही इथे आहे. बॅडमिंटनपटू ज्वाला यांचं तेच. आपल्या वर्तमानपत्रांनी मात्र ते वर्षानुवर्षं 'गुट्टा' असं छापलं. त्यामागे इंग्रजी स्पेलिंग होतं की मराठी भीड, कोण जाणे.

'आबकारी'त 'आब' म्हणजे पाणी आणि 'कार' म्हणजे काम. पाण्याचं काम, म्हणजे मद्य गाळण्याचा धंदा. पुढे धंदा मागे पडून त्यावरचा कर तेवढा आबकारी राहिला. मुंबईचा आबकारी कायदा १८७८चा. निजामाचा हैदराबाद आबकारी कायदा फसली १३१६चा, म्हणजे इसवी सनाच्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. 'मक्ता'ही तसाच, अरबी 'मुकातआ'वरून आलेला, महसुलाच्या ठरीव रकमेचा शब्द.

गोव्यात जाऊन पाहिलं तरी तेच. माडावर चढून सूर काढणाऱ्याला तिथे 'रेंदेर' म्हणतात. हा पोर्तुगीज 'रेंदेइरो', भाडं किंवा खंड भरून हक्क घेणारा इसम. कोयता कमरेला खोचून साठ फूट माडावर चढणाऱ्या माणसाला नाव मिळालं ते त्याच्या चढण्यावरून नव्हे, त्यानं भरलेल्या खंडावरून. यावर कडी म्हणजे 'सारा'. तेलुगूत सारा म्हणजे गाळलेली दारू. १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायकांनी जिच्याविरुद्ध आंदोलन पेटवलं आणि १९९३ मध्ये जिच्यावर आंध्रात बंदी आली ती. मराठीत सारा म्हणजे शेतसारा, जमिनीवरचा सरकारी वसूल. हे दोन शब्द व्युत्पत्तीनं एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. तरी त्यांनी एकच ध्वनी वाटून घ्यावा, हा विनोद भाषेलाच सुचू जाणे.

हैदराबादेत 'कल्लू कंपाउंड' म्हणतात. झाडाचा गाव सुटला, चार भिंती आल्या, परवाना आला. शहरातली ही दुकानं २००४ मध्ये बंद झाली आणि तेलंगण राज्य झाल्यावर २०१४ मध्ये पुन्हा उघडली. शहराला पुरेल एवढे ताड जवळपास नाहीत, तेव्हा मडक्यात क्लोरल हायड्रेट, अल्प्राझोलाम असली झोपेची औषधं मिसळली जातात आणि माणसं मरतात. २०२५च्या जुलैत कुकटपल्लीच्या बाजूला तेच झालं. तेव्हा कंपाउंडाविषयी हळवं व्हायचं काही कारण नाही. २०२३ मध्ये हुसेनसागरच्या काठी नेकलेस रोडला सरकारी नीरा कॅफे उघडलं. तिथे न आंबलेला रस थंड करून मिळतो. निदान रसाचं नाव तरी तिथे पाटीवर आहे.

कर काय जपानात नव्हता? होता, आणि भरपूर. १८९९ मध्ये तिथे घरी मद्य गाळण्यावर सरसकट बंदी आली, आणि त्या सुमारास सरकारच्या करउत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या मद्यकरातून येत होता. म्हणजे त्यांचं सरकार आपल्याहून हावरट नसेल, पण कमीही नक्कीच नव्हतं. तरी त्यांच्या शब्दांवर तहसीलदाराचा शिक्का बसला नाही. पाणी, डोंगर, मठ, पाणमांजर हेच बाटलीवर राहिलं. मला वाटतं, याचं कारण गाळणारा आणि विकणारा एकच राहिला. नाव त्यानं स्वतः ठेवलं. आपल्याकडे कलाल, गौड, भंडारी, रेंदेर गाळत आणि काढत राहिले, नाव मात्र वसूल करणाऱ्यानं ठेवलं. कलाल हा शब्द संस्कृत 'कल्यपाल'वरून आला. 'कल्य' म्हणजे मद्य, आणि त्याची भाऊबंदकी काही अभ्यासक द्राविडी 'कळ्'शी, म्हणजे याच कल्लूशी, जोडतात. इतका जुना, दोन भाषाकुळांना शिवणारा शब्द, आणि मराठीत त्याचा वापर शिवीसारखा. याच जातीतल्या सर्वाई पापन्नानं मोगलांविरुद्ध बंड करून किल्ले घेतले. १७१० मध्ये त्याला मारलं. तेलंगणात त्याची गाणी आहेत. मराठी वाचकाला त्याचं नावही सहसा माहीत नसतं.

गाळण्याच्या कौशल्याचे शब्द मराठीत थोडे आहेत, पण जे आहेत ते झकास. 'पहिल्या धारेची'. 'फेणी', फेसावरून. आणि 'बेवडा'. बेवडा म्हणजे दुहेरी. दोनदा गाळलेली, कडक, उंची दारू. गुणवत्तेचा हा शब्द हळूहळू बाटलीतून पिणाऱ्यात उतरला आणि रस्त्याकडेला पडून राहिला. फ्रेंच माणसानं उत्तम कोन्याकचं नाव झिंगलेल्या माणसाला दिलं असतं तर त्याला देशद्रोही ठरवलं असतं.

आणि शेवटी 'गावठी'. जपानीत एक शब्द आहे, 'जिझाके'. 'जि' म्हणजे जमीन, माती, ठिकाण. त्या त्या मातीची दारू. अक्षरशः गावठी. आणि तोही पूर्वी काही फार मानाचा नव्हता: राजधानीत नादाचा उंची माल पिणारा माणूस खेड्यातल्या जिझाकेला हलकीच समजे. १९७०च्या दशकात शहरी लोक गावागावांत हिंडू लागले, निइगाताच्या बर्फाळ मुलखातली कोरडी, स्वच्छ साके शोधून पिऊ लागले, आणि शब्द वर चढला. आज जिझाके म्हटलं की जपानी माणूस दोन पैसे जास्त मोजतो. २०२४च्या डिसेंबरात युनेस्कोनं कोजीवर साके गाळण्याची विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. आपली 'गावठी' त्याच मातीतली, तरी उलट दिशेनं गेली. गावठी म्हणजे नवसागर घातलेली, हातभट्टीची, डोळे घालवणारी. 'देशी' हा शब्द भाषेत, पेहरावात, तुपात, कोंबडीत मानाचा. दारूला लागला की उतरला. गोव्यानं फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिलं आणि २०१६ मध्ये तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. शब्द बदलावा लागला नाही, फेणी फेणीच राहिली.

महाराष्ट्रातही मोहाच्या फुलांपासून आणि काजूबोंडांपासून गाळलेल्या मद्याला प्रतिष्ठा आणि बाजार मिळवून द्यावा असं ठरलं. मोह गडचिरोलीचा, काजू सिंधुदुर्गाचा. २०२२च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला, आणि या दोन्ही मद्यांना 'देशी मद्य' या वर्गातून काढून 'विदेशी मद्य' या वर्गात घातलं.